छप्पर खांबांवर: जांबोटी भागातल्या एका लाकडी घराच्या कामाच्या नोंदी

जागा: खानापूर–जांबोटी रस्त्यापासून आत, ता. खानापूर, जि. बेळगाव. घर मामांचं. माप २८ फूट × ३६ फूट, चार खण (खांबांच्या दोन रांगांमधला एक गाळा म्हणजे खण), एकमजली, कौलारू. सांगाडा लाकडाचा, भिंतींवर भार नाही.

१० नोव्हेंबर २०२४

जुन्या घराची पाहणी आज पूर्ण केली. मागची भिंत २०१९ च्या ऑगस्टमध्ये पडली, तेव्हापासून तिथं पत्रा ठोकलेला आहे. त्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात हजारो मातीची घरं पडली, याच आळीतलीही काही गेली. ज्या घरांचे वासे थेट मातीच्या भिंतीवर टेकले होते, त्यांची भिंत बसली तशी छप्परही खाली आलं. मामांच्या घराचे वासे सऱ्यावर, म्हणजे खांबांच्या माथ्यावरून जाणाऱ्या आडव्या लाकडावर, टेकलेले होते. भिंत भिजली, फुगली, परड्याच्या बाजूला कोसळली. छप्पर जागचं हललं नाही. मामी तेव्हा माजघरात होती. तिला ओरखडासुद्धा आला नाही.

सगळ्या खांबांना ओळंबा लावून पाहिला. एका बाजूला पाच वर्षं भिंतच नाही, तरी सगळ्यात जास्त कललेला खांब दीड सूतच (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बाहेर गेलाय.

मामांना स्लॅबचं घर हवंय. त्यांचं म्हणणं, "पोरी, कौलं शाकारायची कटकट नको आता. आणि लाकडाचं घर बांधलं तर लोक म्हणतील, पैसे कमी पडले ह्याला." पहिला मुद्दा रास्त आहे. दुसऱ्यावर मी काही बोलले नाही. स्लॅबचा आणि लाकडी सांगाड्याचा असे दोन्ही नकाशे खर्चासकट त्यांच्यासमोर ठेवले. ठरवायचं त्यांनीच.

१७ नोव्हेंबर

मामांनी लाकडाचा नकाशा पसंत केला. माझ्या आकड्यांपेक्षा मामीचा शब्द चालला असावा. तिनं एवढंच विचारलं, "उन्हाळ्यात दुपारी आत बसवंल ना?" याच आळीतल्या एका स्लॅबच्या घरात एप्रिलमध्ये रात्री अकरापर्यंत लोक अंगणात बसून असतात, ते ती रोज बघते. काँक्रीटमधून उष्णता लाकडापेक्षा दहापट सहज वाहते. शिवाय कौलांमधल्या फटींतून गरम हवा निघून जाते.

सुतारकामासाठी मेस्त्री ठरले. सत्तरीला आलेत, सोबत मुलगा आणि पुतण्या. नंदगड भागातल्या कितीतरी घरांची छपरं त्यांच्या हातची आहेत. खांबाचं घर बऱ्याच वर्षांत केलेलं नाही, म्हणून त्यांनाच जास्त हुरूप आहे.

२४ नोव्हेंबर

जुनं घर उतरवलं. पाडलं नाही, उतरवलं. आधी कौलं, मग रिपा, वासे, आढं, सरे, आणि शेवटी खांब. लाकडी खुंट्या उलट्या बाजूनं ठोकल्या की जोड सुटतात, त्यामुळं लाकूड चिरत नाही. स्लॅब पाडला तर हातात राडारोडा आणि वाकडी सळई एवढंच येतं. इथं संध्याकाळपर्यंत अंगणात तीन ढीग लागले: जसंच्या तसं वापरायचं, कापून वापरायचं, आणि चुलीला.

पहिला ढीग सगळ्यात मोठा. मत्तीचे (मत्ती म्हणजे ऐन) सहा खांब तळाचा वीतभर भाग सोडला तर ठणठणीत आहेत. एका खांबाच्या तळाला वाळवीनं आत पोकळ केलं होतं, कारण मागच्या कुणीतरी ओटीची जमीन उंच करताना तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, मातीत गाडला होता. बाकीच्या खांबांचे तळखडे उघडे होते, तिथं वाळवीचा मागमूस नाही. वाळवी उघड्यावरून चालत नाही, मातीची नळी करून वर चढते. नळी दिसली की पुसता येते. गाडलेल्या तळखड्यामागून ती कधी चढली ते घरात कुणालाच कळलं नाही.

ओलावामापक लावून पाहिला. जुनं सागवान १२–१३ टक्के. याहून चांगलं मुरलेलं लाकूड आज बाजारात कुठंही मिळणार नाही.

१ डिसेंबर

मामांच्या शेतातल्या सागवानाच्या तोडीची परवानगी हातात आली. अर्ज पावसाआधीच दिला होता. मालकीच्या जमिनीतलं झाड असलं तरी सागवानाला वनखात्याची परवानगी लागते, तोडल्यावर ओंडक्यांवर हातोड्याचा शिक्का लागतो, आणि गाडीत घातलं की वाहतुकीचा पास. हे सगळं होईपर्यंत कितीतरी महिने जातात. लाकडाचं घर बांधायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी नकाशाच्या आधी हा अर्ज टाकावा.

८ डिसेंबर

दांडेलीच्या सरकारी डेपोत जाऊन आलो. मी, मामा आणि मेस्त्री. लिलावातली मत्तीची लॉट घेतली. खांब आणि तुळयांना मत्ती, वासे आणि दारं-खिडक्यांना शेतातलं सागवान, असं ठरलंय. सगळंच सागवान घेतलं असतं तर खर्च झेपला नसता, आणि तशी गरजही नाही. मत्ती जड, कणखर. वाळताना भेगा पडतात हा तिचा दोष. भेग लांबीच्या दिशेनं पडली तर खांबाची ताकद फारशी जात नाही. तिरकी गेली तर मात्र तो तुकडा तुळईला घ्यायचा नाही.

मेस्त्री प्रत्येक ओंडक्याच्या एका टोकाला कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकत होते आणि दुसऱ्या टोकाला पुतण्या कान लावून होता. एका देखण्या ओंडक्याला त्यांनी नकार दिला. आवाज बद्द येत होता. आत कुजलेला किंवा पोकळ, दोन्हींपैकी काहीतरी.

१५ डिसेंबर

वजनाचा हिशेब पक्का केला. मामांना समजावा म्हणून साध्या भाषेत लिहिलाय, तोच इथं उतरवते.

२८ × ३६ फुटांवर पाच इंची स्लॅब टाकला तर काँक्रीट जवळजवळ १२ घनमीटर लागतं. घनमीटरला अडीच टन धरलं, तर डोक्यावर ३० टन. तेवढ्याच घरावर तीन-तीन फूट पागोळ्या सोडून कौलारू छप्पर केलं तर कौलं अडीच हजारांच्या आसपास लागतात, त्यांचं वजन सहा टन. सांगाड्याचं लाकूड सगळं मिळून १७५ घनफूट, म्हणजे ५ घनमीटर, साधारण चार टन. एकूण दहा. एक तृतीयांश.

वीस खांबांवर दहा टन म्हणजे खांबामागे सरासरी अर्धा टन, मधल्या रांगांना त्याहून जास्त. आपल्या मुरमाड जमिनीला हे काहीच नाही. पाया म्हणून प्रत्येक खांबाखाली अडीच फूट खोल, चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) चौथरा पुरतो. सळईची जाळी नको, खोल खड्डे नकोत.

भूकंपाच्या नकाशात बेळगाव तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात येतं. कोयनेचा १९६७ चा धक्का इकडच्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. भूकंपात घरावर येणारा जोर घराच्या वजनाच्या प्रमाणात असतो, म्हणून हलकं छप्पर ही पहिली सोय. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला जी माणसं गेली त्यांतली बहुतेक जाड दगडी भिंतींच्या आणि छपरावरच्या मातीच्या थरांखाली गाडली गेली. काश्मीरमध्ये २००५ च्या भूकंपात लाकडी चौकटीत दगड-माती भरलेल्या 'धज्जी देवारी' पद्धतीच्या घरांनी बाजूच्या नुसत्या दगडी घरांपेक्षा चांगला तग धरला. चौकटीनं भिंतीचे छोटे छोटे कप्पे केलेले असतात. एक कप्पा सुटला तरी सगळी भिंत अंगावर येत नाही.

हलक्या छपराला दुसरी काळजी असते, वाऱ्याची. ते वर उचललं जाऊ शकतं. म्हणून प्रत्येक खांब तळखड्याला सळईनं, सरा खांबाला खुंटीनं, वासा सऱ्याला पट्टीनं आणि कडेच्या दोन ओळींतलं प्रत्येक कौल तारेनं बांधायचं. यात कुठलीही काटकसर नाही.

२ जानेवारी २०२५

आखणी. गुण्या लावून चारही कोपरे तपासले, कर्ण जुळले.

१४ जानेवारी

संक्रांत, काम बंद. मामीनं मेस्त्रींच्या घरी तीळगूळ पाठवला.

१९ जानेवारी

जोतं दोन फूट उंच, चिऱ्याचं. तळखडे बसवले. माथा मधोमध किंचित उंच ठेवून चारी बाजूंना उतार दिलाय, म्हणजे खांबाच्या बुडाखाली पाणी थांबणार नाही. लाकडाचं बूड म्हणजे कापलेल्या नळ्यांचं तोंड. पाणी बाजूनं जेवढं शिरतं त्याच्या कैक पटीनं तिथून वर ओढलं जातं. कुज लागायला लाकडात २० टक्क्यांच्या वर ओलावा बराच काळ राहावा लागतो. बूड कोरडं, तर खांब निर्धास्त. प्रत्येक तळखड्यातून स्टेनलेस स्टीलची सळई वर काढली आहे, ती खांबाच्या बुडात जाईल.

२ फेब्रुवारी

करवत गिरणीतून लाकूड आलं. वाशांच्या एका गठ्ठ्यात दोन-दोन सूत कमी भरलं. गिरणीवाल्यानं आधी कानावर घेतलं नाही, नंतर पैसे कमी केले. ते वासे न्हाणीच्या बाजूला कमी अंतरावर वापरू. त्याच गठ्ठ्यात पांढरा भाग जास्त आहे, तो मला रुचलेला नाही. सागवानाचा गाभा किडीला दाद देत नाही, पण बाहेरच्या पांढऱ्या भागात तो गुण नसतो. सगळ्या वाशांना बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्याचे दोन हात दिले. हे द्रावण पावसानं धुऊन जातं, त्यामुळं छपराखालच्या लाकडालाच उपयोगाचं.

१६ फेब्रुवारी

आज जोडाचं काम जवळ बसून बघितलं. लिहून ठेवते, कारण हे हात फार राहिलेले नाहीत.

तुळईच्या टोकाला दीड इंच जाड कूस काढलेली असते, ती खांबातल्या भोकात बसते. मग आडवी खुंटी. खांबाच्या दोन्ही गालांतून गिरमिटानं आरपार भोक पाडायचं, कूस आत घालायची, गिरमिटाचं टोक आत सोडून कुशीवर खूण करायची, आणि कूस परत बाहेर काढायची. इथवर कुणीही करेल. मेस्त्रींनी कुशीवरचं भोक त्या खुणेवर पाडलं नाही. तुळईच्या अंगाकडं अर्धं सूत सरकवून पाडलं.

कूस पुन्हा बसवली तेव्हा खांब आणि तुळईच्या मध्ये फट होती; माझ्या वहीचं पुठ्ठ्याचं पान सहज आत जात होतं. मेस्त्रींनी वाळलेल्या सागवानाची, टोकाला निमुळती खुंटी घातली आणि मोगरीनं ठोकायला लागले. खुंटी सरकवलेल्या भोकातून वाट काढताना किंचित वाकते आणि कुशीला आत ओढते. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला पुठ्ठा अडकला. आणखी दोन ठोक्यांनी साधा कागदही जाईना. ना खिळा, ना बोल्ट, ना गोंद.

"बाई, खांब अजून ओला हाय. वाळंल तसा भोक आवळून धरंल. खुंटी मात्र हाडासारखी वाळलेली पाहिजे. उलटं केलं तर दोन वर्षांत जोड खुळखुळायला लागतो."

त्यांचं म्हणणं पुस्तकात बरोबर उतरतं. लाकूड वाळताना आडव्या अंगानं आखडतं, त्यातही वर्तुळांच्या दिशेनं त्रिज्येपेक्षा साधारण दुप्पट. लांबीत जवळजवळ आखडतच नाही. म्हणूनच खांब सऱ्यापर्यंत अखंड न्यायचा. खांबाच्या मध्ये आडवी तुळई घालून तिच्यावर दुसरा खांब उभा केला, तर तुळई आखडते आणि वरचं सगळं खाली बसतं, कौलांच्या ओळी वाकड्या होतात.

९ मार्च

कर्जाचं काम अडलं होतं. बँकेतल्या साहेबांनी नकाशा बघून 'हे कच्चं घर' असं सांगून परत पाठवलं. राष्ट्रीय इमारत संहितेत लाकूड आणि बांबूच्या बांधकामाचा स्वतंत्र विभाग आहे, आयएस ८८३ हे लाकडी बांधकामाच्या आराखड्याचं मानक आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्यानं आपल्या इमारतींत लाकूड वापरण्यावर १९९३ पासून घातलेली बंदी २०२० मध्ये उठवली. ही सगळी कागदं आणि माझा हिशेब जोडून फेरअर्ज दिला. दुसऱ्या बँकेनं कर्ज मंजूर केलं, रक्कम मागितली त्यापेक्षा कमी. उरलेलं मामांनी काजूच्या पैशातून घालायचं ठरवलंय.

लाकडाचं घर स्वस्तात होतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. जुनं लाकूड आणि शेतातलं सागवान नसतं तर आमचा सांगाडा स्लॅबपेक्षा महाग पडला असता. पायाच्या खर्चात, सेंटरिंगमध्ये आणि वेळेत वाचतं. लाकडात आणि मजुरीत जातं.

३० मार्च

गुढीपाडवा. पहिला खण उभा केला.

सगळी जुळवाजुळव जमिनीवर आधीच झाली होती, प्रत्येक जोडावर पटाशीनं खुणा. गावातली माणसं सकाळीच जमली, बोलवावं लागलं नाही. बारा फुटी मधले दोन खांब आणि त्यांना जोडणारी तुळई असा एक चौकोन दोरांनी उभा केला, तळखड्यातल्या सळईवर बसवला, टेकू दिले, मग दुसरा. मधल्या चौकोनांना बाहेरचे आठ फुटी खांब जोडत गेलो. मेस्त्री एका बाजूला उभे राहून फक्त "सोड", "धर", "थांब" एवढंच बोलत होते. दिवस मावळायच्या आत पाच चौकोनांपैकी तीन उभे झाले.

जुन्या घराचे सहाच्या सहा खांब आतल्या रांगांत लागले. मामांनी त्यांतल्या एकाला हळदकुंकू लावलं. त्यांच्या आजोबांच्या वेळचा आहे.

६ एप्रिल

तिरके हात बसवले, प्रत्येक कोपऱ्यात दोन्ही दिशांना. जुन्या घरात हे नव्हते, त्याचं काम भिंती करायच्या. चौकोनाला कोपऱ्यात ढकललं की तो समांतरभुज होतो, तिरक्या हातानं तिथं त्रिकोण होतो आणि त्रिकोण वाकत नाही. मेस्त्रींना आधी ते दिसायला आवडले नव्हते. हात बसवल्यावर त्यांनी मुलाला आढ्याच्या टोकाला दोर बांधून जोरानं ओढायला लावलं. काही हललं नाही. मग स्वतः ओढून बघितलं.

३० एप्रिल

अक्षय तृतीया. कौलं चढवायला सुरुवात. छपराचा उतार ३० अंशांचा आहे. कणकुंबीकडून येणारा पाऊस तिरका झोडपतो. उतार याहून कमी ठेवला तर पाणी कौलाच्या जोडातून मागं सरकतं.

८ मे

छप्पर पूर्ण. पन्हळ अजून नाही. भिंतीचा एक चिराही बसलेला नाही. खालून बघितलं की घर म्हणजे मांडव वाटतो, असं गावात म्हणतायत.

२५ मे

मान्सून काल केरळात पोचला. एरवीची तारीख १ जून. २००९ नंतर इतक्या लवकर तो आला नव्हता. आणि आमच्याकडं त्याच्या आधीपासूनच वळवानं थारा दिलेला नाही. चार-पाच दिवस सलग ओतायला लागलाय.

तालुक्यात जी घरं यंदा चालू होती त्यांची दैना बघवत नाही. एका घराचं सेंटरिंग लागलंय, सळई बांधून तयार आहे, आणि स्लॅब ओतायला उघडीप मिळेना. पाहुण्यांच्या ओळखीतलं घर, त्यांचा जीव टांगणीला लागलाय. दुसरीकडं नुकत्याच रचलेल्या विटांच्या भिंतीवर ताडपत्र्या घालून माणसं रात्री जागतायत.

आमच्याकडं गवंडी आज आठ वाजता आले आणि छपराखाली चिरा लावायला बसले. सिमेंट कोरडं, वाळू कोरडी, माणसं कोरडी. दुपारी पाऊस एवढा वाढला की बोललेलं ऐकू येईना, तरी काम चालू. मामा ओटीच्या जागी खुर्ची टाकून बसले होते. बराच वेळ वर कौलांकडं बघत होते, मग मला म्हणाले, "आज स्लॅबचं काम धरलं असतं तर?" मी उत्तर दिलं नाही, त्यांनाही ते नको होतं.

लाकडी सांगाड्याचे जे फायदे मी गेले सहा महिने कागदावर मांडत होते, त्यांतला हा सगळ्यात मोठा. भिंतीवर छप्पर असलं की भिंत आधी पूर्ण व्हावी लागते, आणि आमच्या भागात कोरडे दिवस मोजके. खांबावर छप्पर असलं की क्रम उलटतो. आधी छत्री, मग तिच्याखाली हवं तेवढे दिवस काम. पूर्वीच्या माणसांनी मलप्रभेच्या उगमाजवळ, इतक्या पावसात, खांबाची घरं बांधली ती हौसेनं नव्हे.

१५ जून

भिंती: खाली तीन फूट चिरा, वर बांबूचं विणकाम आणि त्यावर चुना-मातीचा गिलावा, दोन्ही बाजूंनी. न्हाणी आणि स्वयंपाकघराच्या ओल्या बाजूला भाजलेल्या विटा. मामांना चिरा वरपर्यंत हवा होता, चोराच्या भीतीनं. पुढच्या दर्शनी बाजूला तसा केला. भिंत भार घेत नसल्यामुळं एका घरात तीन तऱ्हेच्या भिंती करता येतात आणि उद्या त्यांतली एखादी नको झाली तर तेवढीच काढता येते. खोलीची भिंत सरकवायची असेल तर इंजिनिअरला विचारायची गरज नाही. मामांच्या मुलाचं लग्न झालं की एक खोली लागेल. पडवीच्या दोन खांबांमध्ये भिंत भरली की झाली.

खांबाला भिंत चिकटवलेली नाही. प्रत्येक खांबाच्या दोन्ही बाजूंना अर्धा इंच फट सोडली आहे, काथ्या आणि चुन्यानं भरलेली. नवी मत्ती अजून २४ टक्क्यांवर आहे, वाळल्यावर सात इंची खांब पाव इंचानं तरी आखडेल. फट भरलेली असली की भेग दिसणार नाही आणि भिंतीतली ओल थेट लाकडात जाणार नाही.

६ जुलै

आगीचा विषय निघाला. शेजारचे काका आले होते, म्हणाले, "लाकडाचं घर, एक ठिणगी पुरे. शनिवारवाडा जळला की नाही?"

जळला. १८२८ मध्ये, आणि कित्येक दिवस जळत होता. लाकूड जळतं हे खरं आहे, ते झाकून उपयोग नाही. पण कसं जळतं ते महत्त्वाचं. जाड लाकडाच्या बाहेर कोळशाचा थर तयार होतो आणि तो थर आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो. कोळसा आत सरकतो मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर. अर्ध्या तासात सात इंची खांबाच्या प्रत्येक बाजूनं जेमतेम दोन सेंटिमीटर जातील, मधला साडेपाच इंच शाबूत. उघड्या लोखंडी तुळईचं तसं नाही. साडेपाचशे-सहाशे अंशांना तिची निम्मी ताकद जाते आणि ती अचानक खाली येते. आत असलेल्या माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो का, हा प्रश्न आहे, आणि जाड लाकूड तो वेळ देतं.

बारीक लाकूड मात्र झटकन पेटतं. रिपा, पातळ फळ्या, माळ्यावरचा काडीकचरा. म्हणून चुलीवरच्या खणात माळा केलेला नाही, धुराडं चिऱ्याचं आहे आणि लाकडापासून वीतभर दूर. वायरिंग सगळं पाइपातून, कुठंही उघडं लाकडावर ठोकलेलं नाही. काकांना हे दाखवलं. त्यांचं समाधान झालं असं नाही, पण धुराडं त्यांनी दोनदा बघितलं.

२० जुलै

धो धो पाऊस. लाकडाचा ओलावा मोजला: जुनं सागवान १८, जुनी मत्ती १८, नवी मत्ती २१. हवेत एवढा दमटपणा असताना लाकूड एवढं ओलसर होणारच. उन्हाळ्यात ते पुन्हा १० च्या जवळ येईल. पूर्वेकडच्या कोपऱ्यातला खांब २३ दाखवतोय. पन्हळीचं पाणी त्याच्या तळखड्यावर उडत होतं. पन्हळीचं तोंड वळवलं.

२७ ऑगस्ट

गणेश चतुर्थी. गणपती नव्या घरात बसला. सुतारांच्या, गवंड्यांच्या घरची सगळी जेवायला होती. मेस्त्रींच्या नातवानं आढ्याकडं बोट दाखवून "हे आज्यानं केलंय" असं आल्यागेल्याला सांगितलं.

१४ सप्टेंबर

कार्बनचा हिशेब एका विद्यार्थिनीनं मागितला, म्हणून केला. कोरड्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो, झाडानं हवेतून घेतलेला. आपल्या सांगाड्यात कोरडं लाकूड साडेतीन टन धरलं तर कार्बन पावणेदोन टन, म्हणजे कार्बन डायऑक्साइड सहा टनांच्या वर. घर उभं आहे तोवर तो लाकडात बंद. सिमेंट करताना उलट होतं, चुनखडी भाजताना दगडातलाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, भट्टीच्या इंधनाचा वेगळा. पण यातला शब्द न् शब्द एका अटीवर खरा: तोडलेल्या झाडाच्या जागी झाड लागलं पाहिजे. भीमगड अभयारण्य इथून जवळ आहे. त्या जंगलाकडं बघून कुणी घर बांधायला घेऊ नये. शेताच्या बांधावर सागवान लावावं, आणि नातवंडांसाठी लावावं. मामांनी तोडलेल्यांच्या दुप्पट रोपं या पावसाळ्यात लावली आहेत.

२ नोव्हेंबर

न्हाणीच्या बाजूच्या एका वाशाखाली फरशीवर पिवळसर पीठ पडलेलं मामीला दिसलं. वर बघितलं तर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. फेब्रुवारीतल्या त्याच गठ्ठ्यातला वासा, एका अंगाला पूर्ण पांढरा. भुंगेरा लागलाय.

मेस्त्रींचा मुलगा सकाळी आला. त्या वाशावरची कौलं उतरवून बाजूला रचली, रिपांचे खिळे उपसले, पट्ट्या सोडल्या, वासा खाली घेतला. नवा वासा गाभ्याच्या लाकडाचा, बोरॅक्सचं पाणी दिलेला, त्याच जागी चढवला. जेवायच्या वेळेला कौलं परत जागेवर होती. शेजारच्या दोन वाशांवर थोडी भोकं आहेत, ती पॅराफिननं बुजवली आणि खाली पांढरा कागद अंथरलाय. महिन्याभरात कागदावर पीठ दिसलं तर तेही बदलायचे. सगळ्या छपरात हाच फायदा आहे: जे बिघडलं तेच निघतं. स्लॅबमधली एक गंजलेली सळई बाहेर काढून दुसरी घालता येत नाही.

मेस्त्रींचा शेवटचा हप्ता दिला. मार्चअखेर, लाकूड सगळ्यात कोरडं असताना, प्रत्येक खुंटी मोगरीनं ठोकून बघायची. जी हलेल तिथं वाळलेली नवी घालायची. पावसाआधी कडेच्या कौलांच्या तारा तपासायच्या. तळखड्यांभोवती माती, लाकूडफाटा, काही साठू द्यायचं नाही, हे मामीला सांगितलं आहे आणि तिनं मामांना.